लिनक्सवरचा आवाज आणि वायफाय : एका लॅपटॉपची दुरुस्ती

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा एक विद्यार्थी संगणकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला जन्मापासून दिसत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. गेल्या दिवाळीनंतर त्याच्या मामांनी आपला २०१५ सालचा लॅपटॉप त्याला दिला. त्यात इंटेलचा पाचव्या पिढीचा प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम होती, एसएसडीही नव्याने बसवलेली होती. म्हणजे अभ्यासाला लागते तेवढे सगळे होते. विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, शिवाय अभ्यासक्रमात लिनक्स ही खुली कार्यप्रणाली आहेच, म्हणून त्याने लिनक्स घालायचे ठरवले. मी भोसरीच्या एका कारखान्यात देखभाल विभागात एकतीस वर्षे नोकरी केली आणि गेली सतरा-अठरा वर्षे घरी लिनक्सच वापरतो, हे त्याला ठाऊक होते. डेबियन १३ ही लिनक्सची आवृत्ती त्याने स्वतःच घातली. त्यानंतर दोन आठवड्यांनी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला.

तक्रारी दोन होत्या. पहिली त्याच्याच शब्दांत सांगतो : "काका, हेडफोन लावला की बोलतो, काढला की गप्प होतो." दुसरी वायफायची. राउटर बाहेरच्या खोलीत, लॅपटॉप आतल्या खोलीत, मध्ये एकच भिंत, तरीही जोडणी दर पाच-दहा मिनिटांनी तुटत होती. ज्याने त्याने त्याला एकच सल्ला दिला होता की लिनक्सवर हे असेच चालते, जुने विंडोज परत घाल.

हा सल्ला मला मान्य नव्हता. ज्याला दिसते त्याच्या लॅपटॉपचा आवाज गेला तर गाणी ऐकायची राहतात. या मुलाच्या बाबतीत आवाज हाच पडदा आहे. आवाज बंद म्हणजे समोरचे सगळे यंत्र बंद. हेडफोन चालत होता हे खरे, पण दिवसाचे सात-आठ तास दोन्ही कान झाकून बसायचे म्हणजे दाराची घंटा, आईची हाक, गॅसवरच्या कुकरची शिट्टी यांतले काहीच कळत नाही. कान हेच ज्याचे आसपासचे भान आहे, त्याला ही गैरसोय किरकोळ नाही.

आधी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती फार थोड्यांना माहीत आहे. डेबियनचा इन्स्टॉलर सुरू होताना पहिल्या मेनूवर एस हे अक्षर आणि मग एंटर दाबले, की पुढची सगळी प्रक्रिया बोलून दाखवली जाते, आणि संगणकात एकाहून अधिक साउंड कार्डे असतील तर प्रत्येक कार्डावरून पाळीपाळीने आवाज देऊन विचारले जाते की ऐकू आला तर एंटर दाबा. या लॅपटॉपमध्ये अशी दोन कार्डे आहेत. एक टीव्हीला किंवा बाहेरच्या मॉनिटरला जोडण्याच्या एचडीएमआय तारेतून आवाज पाठवते आणि दुसरे स्पीकर व हेडफोन सांभाळते. मुलाने कानाला हेडफोन लावून, कोणाचीही मदत न घेता, घरातल्या राउटरला लॅनची तार जोडून पूर्ण सिस्टिम घातली, आणि अशा पद्धतीने घातलेल्या सिस्टिमवर ऑर्का हा स्क्रीन रीडर पुढेही आपोआप सुरू राहतो. मी सुरुवात केली तेव्हा सत्तर टक्के काम त्याने आधीच केलेले होते.

कारखान्यात एखादे यंत्र थांबले की आम्ही पुरवठ्यापासून सुरुवात करून एकेक टप्पा पुढे सरकत असू, आणि ज्या टप्प्यापर्यंत वीज पोचते आणि ज्याच्या पुढे पोचत नाही त्या दोहोंच्या मध्ये दोष शोधत असू. आवाजाचेही तसेच करता येते, मात्र आवाजाची वाट कुठून कुठे जाते हे आधी कागदावर मांडावे लागते. ऑर्का पडद्यावरचा मजकूर उचलतो आणि स्पीच डिस्पॅचर या सेवेकडे देतो. ती सेवा तो इस्पीक एनजी या वाचा-संश्लेषकाकडे देते. तिथे मजकुराचा ध्वनी तयार होतो आणि पाइपवायरकडे, म्हणजे सगळ्या कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून पुढे पाठवणाऱ्या सेवेकडे, जातो. कोणता ध्वनी कोणत्या उपकरणाकडे पाठवायचा हे पाइपवायरसोबत काम करणारा वायरप्लंबर ठरवतो. पुढे कर्नेलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, अल्सा ही ध्वनिव्यवस्था येते, तिच्याखाली इंटेलच्या एचडी ऑडिओ नियंत्रकाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्राम, येतो, मग आकड्यांतल्या ध्वनीचे विजेच्या लहरींत रूपांतर करणारी मदरबोर्डवरची कोडेक चिप, आणि शेवटी स्पीकर.

ही साखळी एवढी लांब का, याला इतिहास आहे. आरंभी लिनक्समध्ये ओएसएस ही व्यवस्था होती. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये अल्साचे काम सुरू केले आणि २.६ या कर्नेलपासून अल्सा ही मुख्य व्यवस्था झाली. त्यावर अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र मिसळायला लेनार्ट पोएटरिंग यांचा पल्सऑडिओ आला, जो २००७ मध्ये फेडोरा ८ ने आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ ने, म्हणजे लिनक्सच्या दोन आवृत्त्यांनी, स्वीकारला. त्या काळातल्या आवाजाच्या त्रासाच्या आठवणी पुष्कळांच्या मनात अजून ताज्या आहेत आणि लिनक्सवर आवाज नीट चालत नाही ही समजूत बव्हंशी तिथून आलेली आहे. विम टेमन्स यांच्या पाइपवायरने पल्सऑडिओची जागा घेतली, ती २०२१ मध्ये फेडोरा ३४ पासून. माझ्या अनुभवात पाइपवायर आल्यापासून या थरात दोष सापडणे विरळा झाले आहे, आणि म्हणून मी आता चौकशी या थरापासून सुरू न करता तळापासून सुरू करतो.

तळाशी मी अल्साची स्पीकर-टेस्ट ही आज्ञा चालवली. ही आज्ञा साधी दिली तर तिचा आवाज पाइपवायरमधूनच जातो आणि चाचणीचा हेतू फसतो, म्हणून तिला हार्डवेअरचे नाव थेट द्यावे लागते. मी शून्य क्रमांकाच्या कार्डाचे नाव दिले, काहीच ऐकू आले नाही, आणि पाऊण तास मी चुकीच्या दिशेने गेलो. या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर शून्य क्रमांक बहुधा एचडीएमआयच्या कार्डाला मिळतो आणि स्पीकर एक क्रमांकावर असतो. एप्ले या आज्ञेकडून कार्डांची यादी आधी मागितली असती तर तो वेळ वाचला असता. क्रमांक एक दिल्यावर हेडफोनमध्ये खरखर स्वच्छ ऐकू आली आणि हेडफोन काढल्यावर स्पीकर शांतच राहिला. म्हणजे ऑर्कापासून पाइपवायरपर्यंतचे सगळे थर निर्दोष ठरले आणि दोष अल्साच्या खाली उतरला. स्पीच डिस्पॅचरची मांडणी बदला, पाइपवायर काढून पल्सऑडिओ घाला, अशा ज्या सूचना त्याला मिळाल्या होत्या, त्या सगळ्या एकाच चाचणीने बाद झाल्या.

मग आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा अल्सामिक्सर उघडला आणि एफ६ दाबून योग्य कार्ड निवडले. तिथे प्रत्येक पट्टीखाली दोन शून्ये असतील तर ती वाट खुली आहे आणि एम हे अक्षर दोनदा असेल तर ती बंद आहे असे समजायचे. एमची कळ दाबली की स्थिती बदलते. स्पीकरची पट्टी खुली होती, पूर्ण चढवलेली होती. मात्र शेवटी ऑटो-म्यूट मोड नावाची पट्टी होती आणि ती चालू होती. हेडफोन घातला की स्पीकर आपोआप बंद करणे हे तिचे काम, आणि सामान्य स्थितीत ती चालूच असायला हवी. मी ती बंद केली आणि तत्क्षणी स्पीकरमधून चाचणीची खरखर आली. मुलगा शेजारीच बसला होता, तो एकदम म्हणाला, "आला!"

इथे थांबता आले असते. बरेच जण इथेच थांबतात आणि तो उपाय चालतोही. पण ऑटो-म्यूट बंद ठेवून चालवणे म्हणजे मर्यादा-स्विच अडकला म्हणून त्याला वळसा घालून यंत्र चालवण्यासारखे आहे, आणि ते मला कारखान्यातही कधी पटले नाही. ऑटो-म्यूट स्पीकर बंद करत होता याचा अर्थ हेडफोन लावलेला आहे अशी त्याची समजूत झालेली होती. ही समजूत कुठून आली? एमिक्सर या आज्ञेने कार्डाचे सगळे तपशील मागवले तेव्हा उत्तर सरळ मिळाले : खाचेत काहीही नसताना हेडफोन जॅकची नोंद चालू अशी होती.

हेडफोनच्या खाचेत एक बारीक पाते असते. प्लग आत गेला की ते सरकते, त्यामुळे एका तारेवरचा रोध बदलतो, कोडेक चिप तो बदल ओळखते आणि ड्रायव्हरला कळवते. हे पाते अडकले, वाकले किंवा त्याच्या टोकावर मळ साठला, तर प्लग नसतानाही चिपला तो आहे असेच दिसत राहते. म्हणजे हा दोष लिनक्सचा नव्हता आणि ड्रायव्हरचाही नव्हता. मुलाने मामांना फोन करून विचारले तेव्हा त्यांना आठवले की त्यांच्याकडेही शेवटच्या वर्ष-दीड वर्षात स्पीकर बंदच होता. स्पीकर जळला असे समजून ते हेडफोनवर काम करत असत.

तापकीर गल्लीतल्या एका दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली आणली. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, बारीक काडीला कापूस घट्ट गुंडाळून तो ओलसर करून खाच आतून पुसली, आणि प्लग पंचवीसेक वेळा आतबाहेर केला. अर्धा तास वाळू दिल्यावर पुन्हा एमिक्सरला विचारले तर नोंद बंद अशी झाली होती. ऑटो-म्यूट परत चालू केला. प्लग घातला की स्पीकर थांबतो, काढला की बोलतो. पुढे ते पाते पुन्हा अडकले तर जॅक बदलावा लागेल, आणि ते सोल्डरिंगचे काम मी करून देणार आहे.

यानंतर एक अडचण राहिली होती, जी मला ऐकूच आली नसती आणि त्याला मात्र फार जाचत होती. तो म्हणाला की थोडा वेळ काही टाइप केले नाही आणि मग एखादे अक्षर दाबले, तर ते अक्षर बोललेच जात नाही. शब्द असेल तर त्याची पहिली मात्रा गिळली जाते. संगीत ऐकणाऱ्याला गाण्याचा पहिला पाव सेकंद गेल्याचे कळत नाही. एकेक अक्षर ऐकून पासवर्ड किंवा प्रोग्रामची ओळ लिहिणाऱ्याचे मात्र आख्खे अक्षर जाते.

कारण वीज-बचतीत आहे. पाच सेकंद काही वाजले नाही तर वायरप्लंबर ते ध्वनी-उपकरण झोपवतो, आणि नवा आवाज आला की उपकरण जागे होईपर्यंतचा सुरुवातीचा भाग हरवतो. याखेरीज कर्नेलमधला एचडी ऑडिओचा ड्रायव्हरही आपली स्वतंत्र वीज-बचत करू शकतो. दोन्हीकडची मुदत शून्य केली म्हणजे झोपणे बंद होते. ड्रायव्हरसाठी मोडप्रोब या ड्रायव्हर चढवणाऱ्या आज्ञेच्या फोल्डरमध्ये पॉवर-सेव्ह बरोबर शून्य अशी एक ओळ पुरते, आणि वायरप्लंबरसाठी अल्साच्या उपकरणांची निलंबन-मुदत शून्य करणारी छोटी फाइल लिहावी लागते. ही फाइल मी आधी त्याच्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवली. लॉगिननंतर सगळे नीट झाले, पण लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड लिहिताना पहिले अक्षर अजून गिळले जात होते. लॉगिनचा पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो आणि तो याच्या फोल्डरमधली मांडणी वाचत नाही, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. फाइल ईटीसीखालच्या वायरप्लंबरच्या फोल्डरमध्ये, म्हणजे सगळ्यांना लागू होईल अशा ठिकाणी हलवल्यावर तेही थांबले. बॅटरी किंचित लवकर उतरत असेल, पण या वापरात तो सौदा योग्यच आहे.

इस्पीक एनजीमध्ये मराठी आहे, हे इथे आनंदाने लिहितो. तो आवाज यांत्रिक आहे, त्यात माणसाचा गोडवा नाही, परंतु वेग कितीही वाढवला तरी अक्षरे स्पष्ट राहतात, आणि हा मुलगा ज्या वेगाने ऐकतो त्या वेगाला माणसाचा आवाज टिकलाच नसता.

आता वायफाय. रेडिओ बंद तर नाही ना, हे आरएफकिल या आज्ञेला विचारून एका मिनिटात उरकले. कळीने केलेले बंद आणि सिस्टिमने केलेले बंद ते वेगवेगळे दाखवते, आणि इथे दोन्ही मोकळे होते. एलएसपीसीआय या आज्ञेने वायफायची चिप आणि तिचा ड्रायव्हर दाखवला. डीमेसेज या आज्ञेने दाखवलेल्या कर्नेलच्या नोंदीत फर्मवेअर व्यवस्थित चढल्याचे दिसले.

फर्मवेअरची ही गोष्ट आज एका वाक्यात संपते, पण तिच्यामागे मोठी खटपट आहे. वायफायच्या चिपमध्ये स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्याचा प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी बाहेरून चढवावा लागतो. तो बहुधा कंपनीच्या मालकीचा, स्रोत बंद असलेला असतो, म्हणून डेबियनने तो तत्त्व म्हणून मूळ सीडीच्या बाहेर ठेवला होता. परिणामी वायफाय चालवायला फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर उतरवायला वायफाय हवे, अशा कोंडीत नवखा माणूस सापडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर देण्याचा निर्णय घेतला आणि जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून तो अमलात आला. तत्त्वाला मुरड घातली म्हणून नाराज झालेले लोक आहेत, आणि त्यांचा मुद्दा मला कळतो. तरी ज्याला पडदा दिसत नाही त्याने दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हवर फर्मवेअरच्या फाइली आणाव्यात ही अपेक्षा मला कधीच न्याय्य वाटली नाही, म्हणून तो निर्णय मला योग्य वाटतो. अजूनही कुठे ही कोंडी आलीच, तर अँड्रॉइड फोन यूएसबी तारेने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, चालू करावे. लिनक्स त्याला तारेची जोडणी समजतो आणि वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

म्हणजे रेडिओ चालू, ड्रायव्हर आहे, फर्मवेअर आहे, जोडणीही होते. मग तुटते का? मी सिग्नल मोजायला घेतला. आयडब्ल्यू ही आज्ञा जोडणीचा सिग्नल डीबीएममध्ये सांगते. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. उणे पन्नास उत्तम, उणे सत्तर कामापुरता, उणे ऐंशीच्या पलीकडे भरवसा नाही. त्याच्या टेबलावर लॅपटॉप उणे ८४ दाखवत होता. त्याच जागी माझा फोन त्याच राउटरच्या त्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर उणे ५२ दाखवत होता. या एका तुलनेने राउटर, भिंत आणि शेजारपाजारचे वायफाय हे तिन्ही संशयित सुटले. आमच्यासारख्या दाट सोसायटीत पंचवीस-तीस नेटवर्के एक, सहा आणि अकरा या तीन चॅनेलवर दाटीवाटीने बसलेली असतात आणि त्याचा त्रास होतोच, पण ती गर्दी फोनलाही तेवढीच होती. दोष लॅपटॉपच्या आत होता.

लॅपटॉप राउटरच्या अगदी शेजारी नेला की सगळे सुरळीत होई आणि दोन पावले मागे आलो की आकडा कोसळे. अँटेना जोडलेलीच नसेल तर असे होते. तेव्हा मला अशा एका प्रकाराची आठवण झाली, जो त्या काळातल्या काही स्वस्त लॅपटॉपमध्ये आढळतो. वायफायच्या कार्डावर अँटेना जोडायला दोन टोके असतात, पण खर्च वाचवायला लॅपटॉपमध्ये अँटेना एकच बसवलेली असते. ती एका टोकाला जोडलेली असताना कार्डाच्या स्मृतीत मात्र दुसऱ्या टोकाची नोंद असेल, तर ड्रायव्हर त्या नोंदीवर विसंबून रिकाम्या टोकातून बोलत राहतो. शेजारच्या राउटरपर्यंत तेवढे गळतीतले बोलणेही पोचते. भिंतीपलीकडे पोचत नाही.

उपाय दोन. मागचे झाकण उघडून अँटेनाची तार दुसऱ्या टोकाला लावायची, किंवा ड्रायव्हरलाच सांगायचे की नोंदीकडे लक्ष न देता अमुक टोक वापर. माझा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जात होता हे मी मान्य करतो, पण दुसरा उपाय आधी करून पाहणे शहाणपणाचे होते, कारण तो उलटवता येतो. त्या ड्रायव्हरला एएनटी अंडरस्कोअर एसईएल नावाचा पर्याय आहे. चालू ड्रायव्हर स्मृतीतून काढून तो पर्याय १ देऊन पुन्हा चढवला. आकडा उणे ८३. पुन्हा काढला, पर्याय २ देऊन चढवला. आकडा उणे ४९. मूळच्या उणे ८४ पासून पस्तीस डीबीचा फरक, म्हणजे कार्डापर्यंत पोचणारी शक्ती तीन हजार पटींहून अधिक वाढली, आणि त्यासाठी एक अंक बदलावा लागला. ही ओळ मोडप्रोबच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवली म्हणजे दर वेळी आपोआप लागू होते.

हा पर्याय कर्नेलमध्ये घालणाऱ्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. लॅरी फिंगर हे अमेरिकेतले स्फटिकशास्त्राचे संशोधक होते. ब्रॉडकॉम कंपनी आपल्या वायफाय चिपची माहिती देत नव्हती त्या काळात, चिपच्या वागण्यावरून उलटा शोध घेऊन जो खुला ड्रायव्हर लिहिला गेला, त्या बी४३ प्रकल्पात ते होते. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर सप्टेंबर २०१० मध्ये दिला. फिंगर पुढेही इतर चिपचे ड्रायव्हर सांभाळत राहिले, अडलेल्या लोकांना उत्तरे देत राहिले. लॅपटॉप उघडून तार बदलली तर काही ठिकाणी वॉरंटी जाते, आणि सोबत विंडोज असेल तर तिकडचे वायफाय बिघडते, म्हणून ड्रायव्हरमध्येच निवड करता यावी, हा विचार त्यांनी त्या बदलासोबत लिहून ठेवला आहे. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. कोथरूडमधल्या एका मुलाचे वायफाय त्यांच्या त्या छोट्या बदलामुळे चालते आहे, आणि मला ही गोष्ट कुठेतरी लिहिलेली असावी असे वाटत होते.

मुलाला यापूर्वी मिळालेले दोन सल्लेही इथे तपासतो. एक, नवे यूएसबी वायफाय अडॅप्टर घे. ते चालले असते, मात्र दुकानात मिळणाऱ्या अडॅप्टरच्या खोक्यावर आतली चिप बहुतेक वेळा लिहिलेली नसते आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिप वेगळी असू शकते. घ्यायचेच असेल तर ज्या चिपचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे ती शोधावी. मीडियाटेकच्या एमटी७६ कुळातल्या पुष्कळ चिप या बाबतीत सोयीच्या आहेत. दुसरा सल्ला, कर्नेलबाहेरचा ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून कंपाइल कर. हा मला या मुलासाठी धोक्याचा वाटला. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसोबत नव्याने घडवावा लागतो. शिवाय सिक्युअर बूट, म्हणजे फक्त ओळखीची सही असलेला प्रोग्राम चालू देणारी सोय, चालू असेल तर त्या ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवायला सिस्टिम सुरू होण्यापूर्वी एक निळा पडदा येतो, आणि त्या पडद्यावर कोणताही स्क्रीन रीडर बोलत नाही. दिसणाऱ्या माणसाला जे दोन मिनिटांचे काम, तिथे याला कोणाला तरी बोलवावे लागले असते. कर्नेलमधल्याच ड्रायव्हरला एक पर्याय देऊन काम झाले, याचे मोल म्हणूनच मला जास्त वाटते.

शेवटी जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजरमधली वायफायची वीज-बचत बंद केली. पॉवर-सेव्हची किंमत ३ असेल तर बचत चालू आणि २ असेल तर बंद, हे आकडे उलटसुलट वाटतात म्हणून मुद्दाम लिहितो. त्यानंतर सलग तीन तासांचे ऑनलाइन व्याख्यान एकदाही न तुटता त्याने ऐकले.

ब्लूटूथचे काम अजून राहिले आहे. या कार्डावर वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर आणि आता एकाच अँटेनावर आहेत, त्यामुळे ब्लूटूथ हेडफोन लावला की मोठी फाइल उतरताना आवाज तुटतो, आणि त्याचा माइक चालू केला की आवाजाची प्रतही उतरते. त्यावर मला समाधानकारक उपाय सापडलेला नाही. तूर्त त्याने तारेचा हेडफोन आणि स्पीकर यांवर भागवायचे ठरवले आहे.

केलेला प्रत्येक बदल, फाइलची जागा, आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा हे सगळे मी त्याला साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून दिले, म्हणजे ऑर्का ते वाचू शकेल. दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या लिनक्स वापरणाऱ्यांच्या प्लग या गटात मी जाऊ लागलो, तेव्हा ही सवय मला तिथल्याच लोकांनी लावली होती. गेल्या आठवड्यात कर्नेलचा नवा अपडेट आला, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, आणि रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. फाइलमधल्या क्रमाने त्याने सगळे तपासले होते. "काका, जॅक बंद दाखवतोय, पहिले अक्षर येतेय, आणि सिग्नल उणे एक्कावन्न."